देऱ्यात बसून दाखवलेलं टोकियो

मी टोकियो पाहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्या सांगण्यावरून टोकियो पाहून आलेली माणसं अजून कुठे कुठे भेटतात आणि विचारतात, "तुम्ही शेवटचं कधी गेला होता?" आता या वयात खोटं कशाला बोलायचं? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी उंटांच्याच देशात बसून केलं, आणि त्याचा पगारही घेतला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी दुबईला गेलो. देरा नावाच्या तिथल्या जुन्या बाजारभागात, खाडीपासून चालत पाच मिनिटांवर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं ट्रॅव्हल ऑफिस होतं. मालक उल्हासनगरचे सिंधी. आमचा मुख्य धंदा मुंबई, कोचीन, लाहोरच्या तिकिटांचा. सुट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी कोपऱ्यात एक टेबल होतं, ते मला मिळालं. लोक सिंगापूर मागत, बँकॉक मागत. मी लागलो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात एका कापड व्यापाऱ्याला टोकियोला जायची हुक्की आली. सिंगापूरला त्याचे सगळे भाऊ जाऊन आले होते, म्हणून त्याला त्यांच्या पुढे जायचं होतं. ऑफिसात कुणालाच टोकियोची माहिती नव्हती, आणि नव्या माणसाच्या गळ्यात नको ते काम मारायची पद्धत सगळ्या जगात सारखीच आहे. मी हॉटेलांना फॅक्स केले, मिळतील ती माहितीपत्रकं वाचली आणि सात दिवसांचा बेत आखून दिला. कुटुंब खूश होऊन परतलं. त्यांनी आणखी चौघांना धाडलं. तेव्हापासून मालक मला नावाने हाक मारेनासे झाले. "ए टोकियो, जरा इधर आना," एवढंच.

राहायला दुबईतल्याच करामा भागात होतो. एका खोलीत चौघं, चारही मराठी, चौघांचीही लग्नं झालेली. पण तिथल्या भाषेत आम्ही बॅचलर. ज्याची बायको गावी तो बॅचलर, मग त्याला तीन मुलं का असेनात. बायकोमुलांना आणायच्या 'फॅमिली' व्हिसासाठी पगार ठराविक रकमेच्या वर लागायचा, तो सुरुवातीला माझा नव्हता. नंतर झाला, पण तोवर सांगलीत बायकोची हायस्कुलातली नोकरी पक्की झाली होती. पक्की नोकरी सोडून वाळवंटात येऊन बसायला मी तिला कुठल्या तोंडाने सांगणार होतो? माझी आई तिच्याजवळ होती, मुलगी शाळेत होती. पुढच्या वर्षी बघू, असं आम्ही दर वर्षी म्हणायचो. मे महिन्यात तिला सुट्टी, तर मे महिन्यात दुबईत भाजून निघायला कोण येतं? दिवाळीत पाहुणे. असं करता करता बारा वर्षं गेली. भांडण नाही, तंटा नाही, कुणाची चूकही नाही. त्यामुळे कुणावर रागवायचीही सोय नव्हती.

तर टोकियो. पहिल्यांदा जाणाऱ्याला काय दाखवावं, याची माझी एक पद्धत बसली होती. आपल्या माणसाला परदेशात पहिल्या दिवशी देऊळ दाखवावं. देऊळ दिसलं की त्याचा जीव भांड्यात पडतो आणि उरलेले दिवस तो कुरकुर कमी करतो. म्हणून पहिला दिवस असाकुसा. दारात टांगलेला भला मोठा लाल कंदील, मग दुकानांची गल्ली, मग अंगणात उदबत्त्यांचं मोठं धुपाटणं. तिथला धूर हाताने ओढून दुखऱ्या जागेवर घ्यायचा असतो. आपले लोक गुडघ्यापासून सुरुवात करत आणि साठीच्या पुढचे तर धुराच्या पुढ्यात नुसते उभेच राहत. भविष्याची चिठ्ठी काढायची, वाईट निघाली तर ती तिथेच तारेला बांधून चालू पडायचं. ही सोय आपल्याकडच्या ज्योतिषांना कशी सुचली नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी उएनोची बाग. तिथे कमळांचं तळं आहे आणि तळ्याच्या मधोमध एका देवीचं छोटं देऊळ. देवीच्या हातात वीणेसारखं वाद्य. ती आपली सरस्वतीच, चीनमार्गे तिकडे गेलेली. हे मी टेबलावर सांगितलं की बायकांचा चेहरा उजळायचा आणि नवरे चेकबुक काढायचे. एका आईने आपल्या शारजात वाढलेल्या मुलाला हे कौतुकाने सांगितलं, तर तो म्हणाला, "But does she know Hindi?" देवीला हिंदी येत नसावी.

तिसऱ्या दिवशी उंचावरून शहर. सगळ्यांना टोकियो टॉवरवर चढायचं असे. मी सांगे, त्यावर चढलात तर तोच एक दिसणार नाही. त्यापेक्षा शिंजुकूच्या सरकारी कचेरीच्या वरच्या मजल्यावर जा, तिथून सगळं दिसतं आणि फुकट. हवा स्वच्छ असली तर फुजीही दिसतो. पैसे भरून फुजीच्या पायथ्याशी गेलेल्यांना बहुतेक वेळा धुकं दिसलं. दुरून डोंगर साजरे, हे जपानातही खरं आहे. हरवलात तर शहराला गोल फिरणाऱ्या गाडीत बसा आणि बसूनच राहा, तासाभरात जिथे चढलात तिथेच ती आणून सोडते.

आणि अकिहाबारा, विजेच्या सामानाचा बाजार. तिथे आमच्या गल्फच्या माणसांनी करायची ती चूक केलीच. आयुष्यभर देऱ्यातून स्वस्तात टीव्ही घेतलेली माणसं, पण "हा ओरिजिनल जपानी" म्हणून तिथून भात शिजवायचा कुकर मांडीवर घेऊन विमानातून आली. जपानात वीज शंभर व्होल्टची, आमच्याकडे दुपटीहून जास्त. शारजातल्या एका कुटुंबाने कौतुकाने शेजारच्यांना जेवायला बोलावलं, बटण दाबलं आणि खलास. ते कुटुंब दुसऱ्या दिवशी तो जळका कुकर घेऊन माझ्या टेबलाशी हजर. तेव्हापासून माझ्या बेताच्या शेवटी एक ओळ कायमची आली: भात शिजवण्याची कोणतीही वस्तू विकत घेऊ नये.

एकच गोष्ट मी मुद्दाम गाळायचो. शिबुया स्टेशनाबाहेर एका कुत्र्याचा पुतळा आहे. धनी मेल्यावरही तो रोज स्टेशनावर येऊन वाट बघत बसायचा म्हणे. सगळ्या माहितीपत्रकांत तो असतो. गावी बायको वाट बघत असताना असलं काही लोकांना दाखवायला मला नको वाटायचं.

मला इतकं सगळं कुठून कळायचं, याचं रहस्य फोटो. जाऊन आलेल्या कुटुंबांना मी फोटो घेऊन ऑफिसात बोलवायचो. त्यांना वाटे, काय आपुलकी आहे माणसाला. मी फोटोतल्या माणसांकडे बघतच नसे, त्यांच्या मागे काय आहे ते बघत असे. पायऱ्या किती, कठडा आहे का, बाक सावलीत आहे की उन्हात. त्यांनी सांगितलेल्या कौतुकात मला रस नव्हता. पाय कुठे दुखले, कुठे बसलात, पाणी कुठे मिळालं, हे मी विचारायचो. एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, तुम्ही ट्रॅव्हल एजंट आहात की इन्स्पेक्टर?"

खरं कारण असं की त्या सगळ्या बेतांमधून मी बायकोला घेऊन फिरायचो. पायऱ्या विचारायचो त्या तिच्या गुडघ्यासाठी. तळ्याकाठचा सावलीतला बाक तिच्यासाठी. सरस्वतीपाशी ती किती वेळ थांबेल, हे धरूनच मी लोकांना तिथे पाऊण तास द्यायचो. लोक म्हणत, इतका वेळ नको. मी तो कमी करत नसे. संध्याकाळी खोलीवर आलो की एक जण टीव्हीपुढे, एक जण भात लावतोय, एक जण झोपलेला, आणि मी पलंगावर पाय वर घेऊन तिच्याबरोबर टोकियोच्या गोल फिरणाऱ्या गाडीत बसलेला. मला फार एकटं वाटायचं. हे वाक्य मी तिथे असताना कुणालाच म्हटलं नाही. चौघं एका खोलीत राहत असताना असं म्हटलं तर उरलेले तिघे हसले असते, कारण एकटेपणासाठी तिथे जागाच नव्हती.

हे टोकियोचं खूळ बायकोला मी कधी सांगितलं नव्हतं. शुक्रवार तिथे सुट्टीचा, म्हणून शुक्रवारी दुपारी आमचा फोन. आई कशी आहे, मुलीची परीक्षा, गॅस संपला का, पाऊस झाला का. मुलीची फी, मुलीचे टॉन्सिल्स, मुलीचा दहावीचा क्लास. वर्षातून एक महिना मी घरी जायचो तेव्हा घर भरलेलं. भाऊ, भावजया, त्यांची पोरं, मला बघायला येणारे आणि चॉकलेटं न्यायला येणारे. बायको स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत. जेवताना ती वाढायची आणि मी "पुरे" म्हणायचो. निघायच्या दिवशी दारात सगळे उभे असत आणि ती सगळ्यांच्या मागे.

मग एक वर्ष असं आलं की आई गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं आणि मुलगी इंजिनीअरिंगला पुण्याच्या होस्टेलवर राहायला गेली. सांगलीच्या घरात बायको एकटी. त्याच उन्हाळ्यात एका विमान कंपनीकडून आमच्या ऑफिसला टोकियोची सात दिवसांची सहल फुकट मिळाली, दोघांसाठी. अशा सहली एजंटांना देतातच, म्हणजे ते गिऱ्हाइकं पाठवतात. दर वर्षी मालक जायचे, नाहीतर त्यांचा भाचा. या वेळी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "टोकियो, इस बार तू जा. भाभी को लेके जा. तूने मेरे को इतना बिझनेस दिया." नोकरांचे पासपोर्ट तिथे मालकाकडेच असत; तिजोरीतून माझा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्या माणसाशी मी पगारावरून पुष्कळदा हुज्जत घातली होती.

त्या शुक्रवारी मी देऱ्यात फोनला गेलो. शुक्रवारी तिथे सोनापूरच्या मजूर-कॅम्पांतून बसने आलेल्या माणसांच्या रांगा लागत, एकेका बूथला दहा-पंधरा जण. माझा नंबर आला तेव्हा मी तिला घाईघाईने सगळं सांगितलं. ती म्हणाली, शाळेचं काय? मी म्हटलं, तारखा दिवाळीच्या सुट्टीत बसतायत. ती म्हणाली, दिवाळीला मुलगी येईल. मी म्हटलं, ती मैत्रिणींबरोबर हिमालयात चालली आहे, तूच मागच्या शुक्रवारी सांगितलंस. थंडी असेल. फार नसते. मला तिथलं खाणं चालायचं नाही. मी सोय करतो, माझा धंदाच आहे तो. गिऱ्हाइकाचा एकेक नकार परतवायची मला सवय होती. शेवटी तिच्याकडची सगळी कारणं संपली.

"दोघंच?" तिने विचारलं.

"दोघंच."

"सात दिवस आपण दोघंच," ती म्हणाली. "बोलायचं काय हो आपण?"

ती रागावली नव्हती, टोमणाही नव्हता. खरंच तिला पडलेला प्रश्न होता तो. शाळेत मुलं विचारतात तसा साधा. मी म्हणालो, पुढच्या शुक्रवारी बोलू, आणि फोन ठेवला.

तो आठवडा मला नीट आठवतो आणि आठवू नये असं वाटतं. शनिवारी मालकांनी नावं मागितली. मी म्हणालो, एक आठवडा द्या. ते म्हणाले, "इन्शाल्ला भाभी हाँ बोलेगी." प्रश्न हो-नाहीचा राहिला नव्हता. मी कामावर बसायचो, लोकांना असाकुसा दाखवायचो, आणि मनात एकच धास्ती असायची, की आमचं लग्न बहुधा कधीतरी संपून गेलेलं आहे आणि आम्हा दोघांना कुणी कळवलेलंच नाही. मुलगी मोठी होईपर्यंत तिच्यामधून बोलत होतो. ती उठून गेल्यावर समोरासमोर दोन अनोळखी माणसं उरली. नवी जोडपी माझ्या टेबलाशी यायची, तेव्हा मला त्यांना विचारावंसं वाटायचं, तुम्ही काय बोलता हो?

शुक्रवार आला. मी ठरवलं होतं, तिला पटवायचं नाही, तिला टोकियो दाखवायचंच. बोलायचं काय, तर हे बघ, इतकं आहे तिथे, बोलायची गरजच पडणार नाही. फोन लागल्या लागल्या मी सुरुवात केली. लाल कंदील, गल्ली, धूर. तिला म्हटलं, धूर गुडघ्यावर घ्यायचा, डाव्या. तळं सांगितलं. सरस्वती सांगितली. दिवाळीच्या सुमाराला कमळं वाळलेली असतील, पण झाडं पिवळी झालेली असतील. पुलाच्या अलीकडे बाक आहे, त्याला पाठ आहे, दुपारनंतर तिथे सावली येते, तू तिथे बस आणि मी चहा घेऊन येतो. चहा कडू असतो, आपण साखर बरोबर नेऊ. मी इतकं सलग तिच्याशी बोलल्याचं मला आठवत नाही. ती ऐकत होती. मध्ये एकदा 'हं' म्हणाली.

मग तिने विचारलं, "अहो, हे सगळं तुम्ही कुणाबरोबर पाहिलंत?"

तिच्या आवाजात काय आहे ते मला कळायला एक क्षण लागला. बारा वर्षं नवरा परदेशात, आणि त्याला बाकाची सावली पाठ. तिच्या जागी कुणीही तेच विचारलं असतं. तुझ्याबरोबर, हे उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. पण असली वाक्यं बोलायची सवय नसली की ती नाटकातली वाटतात, आणि मागे रांग उभी होती.

"कुणाबरोबर नाही," मी म्हणालो. "मी गेलेलोच नाही. लोकांचे फोटो बघून सांगतोय."

"मग ते राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता कुठे उभे आहात, ते सांगा."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, म्हणजे? तर म्हणाली, "आत्ता. दर शुक्रवारी कुठून बोलता? काय दिसतं तिथून?"

मी मान वर करून बघितलं. माझ्या धंद्याला शोभेल असं काही सुचेना. म्हणालो, काचेचा बूथ आहे. एका बाजूची काच नाही. समोर रस्ता, पलीकडे खाडी. खाडीला लाकडी गलबतं लागलीत, त्यांच्यावर फ्रीज आणि टायर चढवतायत, इराणला जायला. ऊन फार आहे. ती एकेक विचारत गेली, मी फोटो घेऊन आलेल्यांना विचारायचो तसंच. सावली आहे का? नाही. उभंच राहायचं? हो. मागे कोण आहे? म्हटलं, माणसं आहेत पुष्कळ, सगळी घरी फोन करायला आलेली.

"ती ऐकत असतील," ती म्हणाली.

"ऐकतायत. पण मराठी कुणाला कळतंय?"

मागून एक जण, कोकणातला असावा, हळूच म्हणाला, "माका समाजता. पण बोला तुमी, माका घाई नाय."

तिला ते फोनवर ऐकू गेलं. ती हसली. तिला हसताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, घरी असतानासुद्धा. मग तिने खोलीबद्दल विचारलं. मी सांगितलं, चार पलंग, माझा दाराजवळचा, वर एसी आहे तो उशाशी ठिबकतो, म्हणून मी पायाकडे डोकं करून झोपतो. कपडे पलंगाखाली, बॅगेत. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण तिने विचारलं नव्हतं. आणि तिने विचारलं नव्हतं, कारण मी सांगेन असं तिला वाटलं नव्हतं. हे तीच म्हणाली.

"म्हणजे तिथे दोघं मावणार नाहीत," ती म्हणाली.

"नाही. इथे आम्ही चौघं बॅचलर आहोत."

"बॅचलर," ती म्हणाली, आणि पुन्हा हसेल असं वाटलं, पण ती हसली नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. मागच्यांपैकी कुणी 'यल्ला', म्हणजे चला आटपा, असं म्हणालं नाही.

"टोकियोला मालकांच्या त्या भाच्यालाच जाऊ दे," ती म्हणाली. "दिवाळीला मी तिकडे येते. आठ-दहा दिवसांपुरती कुठे एखादी खोली बघा."

मी म्हटलं, बघतो. उद्याच बघतो. चांगली मोठी बघतो.

"मोठी नको," ती म्हणाली. "मोठ्या घरात आपण लांब लांब बसतो."